सामाजिक रचनावादाचा एक अभ्यासक्रम: संभाषणात भक्कम, फायलीसमोर अडखळणारा

समाजकार्याची पदवी घेऊन प्रत्यक्ष कामात पडलेल्यांसाठी सामाजिक रचनावाद आणि कथनात्मक पद्धती (माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो यावर उभी असलेली समुपदेशनाची पद्धत) शिकवणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम अलीकडे मुंबई-पुण्यात ठिकठिकाणी निघाले आहेत. त्यांपैकी पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेचा, शनिवार-रविवारी भरणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. शुल्क पाच आकडी आहे, राहण्या-जेवणाची सोय आपली आपण करायची असते आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना कसलीही सवलत मिळत नाही. मी मराठवाड्यातील एका कुटुंब सल्ला केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. आमच्यासारख्या केंद्रांत मानधन वेळेवर जमा झाले तर तीच बातमी असते, त्यामुळे एवढी रक्कम खर्चून हाती काय आले याचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारी तिच्या एकटीविषयीच्या नाहीत. इतरत्र हाच विषय शिकून आलेल्या सहकाऱ्यांशी बोलले तेव्हा त्यांचेही अनुभव याच वळणाचे निघाले.

प्रथम विषयाबद्दल थोडेसे. ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचला, पण त्याचा संबंध मूल स्वतःचे ज्ञान कसे बांधते याच्याशी आहे. सामाजिक रचनावाद वेगळा प्रश्न विचारतो. वेडेपणा, गुन्हेगारी वृत्ती, चांगली आई, बिघडलेले मूल अशा ज्या गोष्टी आपण मुळात असतातच असे धरून चालतो, त्या माणसांच्या परस्पर व्यवहारातून, भाषेतून आणि संस्थांच्या कामकाजातून कशा घडतात, आणि एकदा घडल्या की निसर्गनियमासारख्या अटळ का वाटू लागतात, हा तो प्रश्न. पीटर बर्गर आणि थॉमस लुकमन यांनी 1966 मध्ये त्याची समाजशास्त्रीय मांडणी केली, केनेथ गर्गन यांनी 1985 मध्ये ती मानसशास्त्राच्या चर्चेत ठामपणे आणली आणि त्याच सुमारास कुटुंबोपचार करणाऱ्यांनी ती प्रत्यक्ष संभाषणात वापरायला सुरुवात केली. पहिल्या दोन सत्रांत एवढा इतिहास उरकला गेला. तो नेटका होता आणि वाचनसाहित्यही आधी हाती आले होते.

शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने बर्गर-लुकमन यांची मांडणी हळदी-कुंकवावरून समजावून दिली, ती लक्षात राहण्यासारखी होती. विधवेला न बोलावण्याची रीत कोणीतरी कधीतरी पाडली, पुढच्या पिढीने ती ‘असेच असते’ म्हणून स्वीकारली, आणि तिसऱ्या पिढीतील विधवा बाई बोलावणे आले तरी आपणहून मागे राहू लागली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले, हेही त्यांनी सांगितले. माणसांनी घडवलेली गोष्ट माणसांना मोडता येते, पण त्यासाठी ग्रामसभा, ठराव आणि परिपत्रक लागते, हा मुद्दा तेथे अगदी समोर आला होता. पुढे तो कसा निसटला हे नंतर सांगते.

समाजकार्याच्या शिक्षणाशी या सिद्धांताचे नाते काय, या भागाला आणखी वेळ द्यायला हवा होता. 1917 मध्ये मेरी रिचमंड यांनी अमेरिकेत ‘सामाजिक निदान’ ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली आणि समाजकार्यकर्त्याच्या हातात वैद्याची दृष्टी आली: पुरावा गोळा करा, कारण शोधा, निदान लिहा, उपाय ठरवा. 1936 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिच्याबरोबर आणि तिच्यानंतर आलेल्या महाविद्यालयांबरोबर व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही विभागणी आपल्याकडे रुजली. माझ्या पिढीने एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करताना क्षेत्रकार्याच्या वहीत ‘समस्या’, ‘कारणे’, ‘निदान’ असे रकाने आखले ते या वारशातून. रचनावाद या वहीलाच प्रश्न विचारतो, की समस्या रकान्यात उतरण्यापूर्वी ती समस्या आहे असे कोणी ठरवले. अभ्यासक्रमाने ही दिशा दाखवली आणि अर्ध्या तासात विषय गुंडाळला.

सर्वांत मोलाचे ठरले ते अहवाललेखनाचे सत्र, आणि केवळ त्याच्यासाठीही मी हा अभ्यासक्रम सुचवेन. प्रत्येकाने स्वतःचा एखादा जुना अहवाल, ओळख पटेल असे सर्व तपशील खोडून, बरोबर आणायचा होता. पहिले काम दिसायला सोपे होते: अहवालातील प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचे, की हे कोण म्हणाले, कोणासमोर म्हणाले आणि त्या वेळी त्याला काय साधायचे होते. आमच्या गटाकडे आमच्यातल्याच एका परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलाची घरची परिस्थिती तपासून कळवणारा अधिकारी) बाल न्याय मंडळासाठी तयार केलेला सामाजिक तपासणी अहवाल आला. त्यात मुलगा ‘हट्टी’ होता, त्याला ‘खोटे बोलण्याची सवय’ होती, कुटुंब ‘विस्कळीत’ होते आणि आई ‘बेफिकीर’ होती. मागोवा घेत गेल्यावर ‘हट्टी’ हा शब्द शाळेच्या पत्रातून आलेला निघाला, आणि ते पत्र मुलाचे नाव पटावरून का कमी केले याचे समर्थन करण्यासाठी लिहिलेले होते. खोटे बोलण्याची सवय पोलीस ठाण्यातील नोंदीत सापडली, कारण तेथे घाबरलेल्या मुलाने आपले वय दोनदा वेगवेगळे सांगितले होते. वडील वेगळे राहतात म्हणून कुटुंब विस्कळीत ठरले होते, वास्तविक आजी, मावशी आणि आई मिळून घर व्यवस्थित चालवत होत्या. आई बेफिकीर ठरली ती तारखेला गैरहजर राहिल्यामुळे. ती चार घरची धुणी-भांडी करत होती आणि खाडा झाला की पगार कापला जात होता. संपूर्ण अहवालात मुलाच्या तोंडचे एकही वाक्य नव्हते.

दुसरे काम पुनर्लेखनाचे होते. विशेषणे काढायची, त्यांच्या जागी घटना आणि ती सांगणारा लिहायचा, आणि मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवायचे. अहवाल दीडपट लांबला. मंडळासमोर एका दिवशी कितीतरी प्रकरणे असतात, एवढे कोण वाचणार, असा रास्त प्रश्न अधिकाऱ्याने विचारला. बाल कल्याण समितीवर काम केलेल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांचा सल्ला व्यवहाराचा होता: पहिला परिच्छेद वाचला जातो, शेवटची शिफारस वाचली जाते, मधले वाचले जाईलच असे नाही, तेव्हा मुलाचे म्हणणे पहिल्या परिच्छेदात ठेवा. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात आणि शासकीय मराठीत ‘बालगुन्हेगार’ जाऊन ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आले असले, तरी अहवालाच्या आतली भाषा त्या वेगाने बदललेली नाही, आणि ती बदलण्याचे ठिकाण कार्यकर्त्याचे टेबल आहे, हे या सत्रात जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही व्याख्यानात झाले नाही. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी दाखवलेली गोष्टही येथेच नीट उमगली. दगडाला काहीही म्हटले तरी त्याला फरक पडत नाही, पण माणसाला ज्या वर्गात घालावे त्या वर्गाला तो प्रतिसाद देऊ लागतो, मग वर्गाचीही व्याख्या बदलते आणि चक्र चालू राहते. निरीक्षणगृहात दुसऱ्यांदा आलेल्या मुलाला ‘सराईत’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

कथनात्मक पद्धतीच्या सत्रांबद्दल माझे मत संमिश्र आहे. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एपस्टन यांनी 1980 च्या दशकात विकसित केली. व्हाइट हे शिक्षणाने समाजकार्यकर्ते होते, त्यांनी उभे केलेले डलविच सेंटर 1983 पासून काम करते, आणि 2008 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही प्रशिक्षणाचे ते एक प्रमुख केंद्र राहिले आहे. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या हीच समस्या, हे त्यांचे सूत्र आता जगभरच्या प्रशिक्षणांत सांगितले जाते. ते रुजले कसे हे कळण्यासाठी कपड्यांत शी होणाऱ्या लहान मुलांबरोबरचे त्यांचे काम आम्हाला सविस्तर सांगितले गेले. त्या त्रासाला एक खोडकर नाव द्यायचे, मूल आणि आईवडील एका बाजूला आणि तो त्रास दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करायची, आणि मग तो कधी फसवतो, कधी त्याचे काही चालत नाही, याची मुलाकडून माहिती घ्यायची. लाजेने गप्प झालेले मूल अशा संभाषणात बोलू लागते. परीक्षेच्या भीतीने पोटात दुखणाऱ्या मुलीच्या भूमिकेत बसून मी हा सराव केला, आणि प्रश्न विचारणाऱ्या सहकाऱ्याचा सूर चौकशीचा न राहता कुतूहलाचा होतो तेव्हा उत्तर देणाऱ्याला किती मोकळे वाटते, हे समोरच्या खुर्चीवरून कळले.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईची केस याच सरावासाठी दिली गेली, आणि ‘दारू’ हा प्रश्न वेगळा काढून नवरा-बायकोने मिळून तिच्याशी लढायचे, अशा धर्तीचे संभाषण करून पाहायला सांगण्यात आले. आमच्या केंद्रात टेबलापलीकडे बसलेली सासू प्रशिक्षणाशिवायच नेमके हे बोलत असते. माणूस सोन्यासारखा आहे, दारू वाईट आहे, असे ती म्हणते, आणि या एका वाक्यावर कित्येक बायका पुन्हा त्याच घरात परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दारू न पिता मारणारे पुरुष आहेत, पिऊन न मारणारे आहेत, आणि पिऊन साहेबावर हात न उगारता घरी येऊन बायकोवर उगारणारे तर सर्वाधिक आहेत. हिंसेच्या प्रकरणात प्रश्न माणसापासून वेगळा काढला की जबाबदारीही त्याच्यापासून वेगळी होते. ही अडचण त्या परंपरेतील लोकांनाही दिसलेली होती. ॲडलेडलाच काम करणाऱ्या ॲलन जेन्किन्स यांनी हिंसक पुरुषांबरोबरच्या कामावर 1990 मध्ये लिहिताना जबाबदारी स्वीकारणे हाच आपल्या पद्धतीचा केंद्रबिंदू ठेवला. आमच्या प्रशिक्षकांना ते ठाऊक होते, विचारल्यावर त्यांनी सांगितलेही, परंतु सरावाच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. कौटुंबिक हिंसाचारावर काम करणारे निम्मे लोक वर्गात बसलेले असताना ही उणीव गंभीर आहे.

शिवाय, प्रश्न माणसाबाहेर नेऊन ठेवणे आपल्या समाजाला नवीन नाही. बाहेरची बाधा, नजर, करणी या कल्पना तेच करतात, आणि गावात त्या दिलासाही देतात; बाळंतपणानंतर उदास झालेल्या सुनेला ‘आळशी’ म्हणण्यापेक्षा ‘तिला काहीतरी लागले आहे’ म्हणणे तिच्यासाठी काही काळ सुसह्य असते. पण करणी कोणी केली, हा पुढचा प्रश्न येतो आणि बोट शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे वळते. 2013 मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशा प्रकारांच्या पार्श्वभूमीवर. व्हाइट यांच्या पद्धतीत बाहेर काढलेल्या प्रश्नाचा शोध समाजातील सत्तासंबंधांकडे नेणे अपेक्षित असते आणि देवऋषी तो एखाद्या व्यक्तीकडे नेतो, हा फरक मराठी मुलखात शिकवताना अगोदर मांडायला हवा. तो मांडला असता तर चर्चा कितीतरी रंगली असती.

एपस्टन भेटीनंतर संबंधितांना पत्र लिहीत, भेटीत उमटलेले त्यांचे बळ त्यांच्याच शब्दांत परत पाठवत. आम्हीही अशी पत्रे लिहिली. सराव सुरेख होता, प्रत्यक्षात मात्र मी ते पत्र कोणाच्याही घरी पाठवणार नाही. घरात आलेला कागद आधी कोण उघडते, बाईला वाचता येत नसेल तर तो तिला कोण वाचून दाखवते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगावे लागणार नाही. पत्र केंद्रातच वाचून दाखवायचे आणि फाइलमध्ये ठेवायचे, ही माझी तडजोड प्रशिक्षकांनी मान्य केली.

मुलांबरोबर वापरायची ‘जीवनवृक्ष’ ही पद्धत मात्र जशीच्या तशी उचलावी अशी आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात एचआयव्हीमुळे आईवडील गमावलेल्या मुलांसाठी न्काझेलो न्क्यूब आणि डेव्हिड डेनबरो यांनी ती घडवली. मूल एक झाड काढते, मुळांत आपले गाव आणि माणसे, जमिनीत रोजचे जगणे, खोडात आपल्याला येणाऱ्या गोष्टी, फांद्यांत इच्छा, पानांत जिव्हाळ्याची माणसे लिहिते, आणि दुःखाविषयी बोलणे हे झाड भक्कम उभे राहिल्यानंतर, वादळांच्या निमित्ताने येते. आमच्या गटात बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांबरोबर काम करणारा एक कार्यकर्ता होता. दिवाळीच्या आसपास गाव सोडून उन्हाळ्यात परतणाऱ्या, कारखान्याच्या पट्ट्यात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाने मुळे कोठे काढायची, असे त्याने विचारले. त्यावर वर्गाने तासभर काम केले आणि झाडाला दोन ठिकाणी मुळे काढू देण्याचा पर्याय निघाला. प्रशिक्षकांनी येथे घड्याळ बाजूला ठेवले याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

नॉर्वेच्या ट्रॉम्सो येथील टॉम अँडरसन यांच्या ‘परावर्तन गटा’चे सत्र ऑनलाइन घेतले गेले. उपचारकांचा जो गट पूर्वी एकतर्फी आरशामागे बसून कुटुंबाबद्दल बोलत असे, त्याने कुटुंबासमोर बोलावे आणि कुटुंबाने ते ऐकावे, ही ती कल्पना. एकमेकांचे चेहरे पाहण्यावर उभी असलेली ही पद्धत पडद्यावरच्या चौकोनांत शिकवण्याचा निर्णय कोणी घेतला कोण जाणे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता मुख्य तक्रार. अभ्यासक्रमाचा जवळजवळ सर्व भर दोन माणसांमधील संभाषणावर आहे, तर महाराष्ट्रात माणसाची ओळख ठरवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर अर्ज, पंचनामे, दाखले आणि शासन निर्णय करतात. शेतकरी आत्महत्यांचेच उदाहरण घ्यावे. मृताच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी, ज्यातील तीस हजार तत्काळ हाती येतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात, जिल्हा समिती प्रत्येक मृत्यूला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जवसुलीचा तगादा हे निकष. जमीन नावावर किंवा कुटुंबात नसेल, कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल, तर बटाईने शेत करणारा माणूस मृत्यूनंतर शेतकरी राहत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या बाईला तर जिवंतपणीही कागदाने शेतकरी मानलेले नसते. ‘शेतकरी’ ही सामाजिक रचना आहे, हे शिकवायला आपल्याकडे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागणार नाही, आणि या अपात्र घरांत जाऊन बसणारे कार्यकर्ते वर्गात असूनही त्याचा उल्लेख झाला नाही. मी विषय काढला तेव्हा तो ‘धोरणात्मक’ ठरवून चहाच्या वेळेसाठी ठेवला गेला.

वाचनसाहित्यात डॉ. आंबेडकर नव्हते, हेही याच दृष्टिदोषाचे लक्षण मानावे लागेल. ज्या 1936 साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले, त्याच साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले, आणि परिषदच रद्द झाल्याने न होऊ शकलेले भाषण प्रसिद्ध झाले. जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नव्हे, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. बर्गर-लुकमन यांच्या तीस वर्षे आधी केलेली ही रचनावादी मांडणी आहे. आंबेडकर तेथे थांबले नाहीत, या धारणेला शास्त्रांचे पावित्र्य बळ देते आणि म्हणून त्या पावित्र्यालाच हात घालावा लागेल, असे ते पुढे सांगतात, म्हणजे धारणा आणि तिला टिकवणारी सत्ता यांचा एकत्र विचार करतात. धारणेचे पुढे काय होते हे पाहायला सोलापूर आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि त्या कागदी वर्गवारीतून सोलापुरात खरोखरच्या तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला आणि जमाती विमुक्त झाल्या. पारधी वस्तीवर रात्री पडणाऱ्या पोलिसांच्या धाडी त्यानंतर थांबल्या का, हे त्या वस्त्यांवर काम करणाऱ्या कोणालाही विचारावे.

महाराष्ट्रातील समाजकार्यकर्त्यांनी अशी एक रचना स्वतः बदलून दाखवली आहे, आणि अभ्यासक्रमाने तिचा अभिमानाने वापर करायला हवा होता. 1984 मध्ये टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आत जाऊन बसली. पोलीस ठाण्यात ‘घरगुती कुरबूर’ म्हणून परत पाठवली जाणारी गोष्ट हिंसा म्हणून ऐकली जाऊ लागली, नोंदवली जाऊ लागली, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसेच्या व्याख्येत आला. बाईशी होणारे संभाषण महत्त्वाचे होतेच, परंतु त्या संभाषणाला खुर्ची, नोंदवही आणि पुढे कायद्यातील कलम मिळाले म्हणून ते टिकले.

सर्व काही रचना आहे म्हटले की मग खरे काय, हा जुना आक्षेपही वर्गात आला आणि त्यावर मिळालेले उत्तर मला पुरेसे वाटले नाही. प्रत्येक कथन तितकेच ग्राह्य, कार्यकर्त्याने ‘न जाणणाऱ्या’च्या भूमिकेत राहावे, असे सांगितले गेले. टेक्सासमध्ये हार्लीन अँडरसन आणि हॅरी गूलिशियन यांनी मांडलेली ती भूमिका संभाषणातील नम्रता म्हणून योग्यच आहे. पण मुलीच्या अंगावरचा डाग मला दिसला आणि तिने मामाचे नाव घेतले, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मला ते कळवावेच लागते, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि त्या क्षणी मामाचे कथन आणि मुलीचे कथन समान पातळीवर ठेवण्याची मुभा मला नाही, असावी असेही वाटत नाही. जखम रचलेली नसते. तिला ‘शिस्त’ म्हणायचे, ‘घरातली बाब’ म्हणायचे की अत्याचार, हे रचलेले असते, आणि कार्यकर्त्याचे काम त्या दुसऱ्या गोष्टीशी आहे. एवढा भेद पहिल्याच सत्रात स्पष्ट केला असता तर निम्मे वाद टळले असते.

इतर बाबी थोडक्यात. प्रशिक्षक अभ्यासू आहेत, वेळ पाळतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला कमी लेखत नाहीत. जाहिरातीत ‘मराठी व इंग्रजी’ असे लिहिले असले तरी वाचनसाहित्य संपूर्णपणे इंग्रजी होते आणि तालुक्याच्या गावाहून आलेल्या सहभागींची त्यामुळे ओढाताण झाली. चर्चा मराठीत चालल्याने ती काहीशी भरून निघाली. मूल्यमापनासाठी एका केसचे लेखी विश्लेषण द्यायचे असते. त्यावर मिळालेले शेरे बारकाईने लिहिलेले होते, असा अनुभव मला एमएसडब्ल्यूच्या काळातही फारसा आला नव्हता. पर्यवेक्षणाच्या बैठका मात्र माहितीपत्रकात जेवढ्या ठळकपणे छापल्या होत्या तेवढ्या झाल्या नाहीत. आपली चालू असलेली केस कोणासमोर तरी मांडून तपासून घेणे ही छोट्या केंद्रातील कार्यकर्त्याची सर्वांत मोठी गरज असते, आणि शुल्काचा मोठा भाग मी त्यासाठीच भरला होता.

समुपदेशन केंद्र, बालगृह, निरीक्षणगृह, शाळा किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या हातून रोज माणसांबद्दल काही ना काही लिहिले जाते त्यांनी, हा अभ्यासक्रम जरूर करावा. समुदाय संघटन आणि हक्काधारित कामातील लोकांना सध्याच्या स्वरूपात तो अपुरा वाटेल. नव्याने पदवी घेतलेल्यांनी एक-दोन वर्षे काम करून मग यावे, कारण स्वतःचे जुने अहवाल नसतील तर अहवाललेखनाच्या सत्राला धार येत नाही. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला पर्यवेक्षणाच्या बैठकांच्या तारखा लेखी मागाव्यात, कोणती सत्रे ऑनलाइन होणार हे विचारून घ्यावे, आणि संस्थेमार्फत अर्ज केल्यास हप्त्याने शुल्क भरता येते, हे माहितीपत्रकात नसलेले कलमही विचारायला विसरू नये.